मे महिन्याच्या सुट्टीत गावात कोणतं काम हातात घ्यायचं, आणि कसं

परीक्षा संपल्या की आमच्या भागातली पोरंपोरी विचारायला येतात, दादा सुट्टीत कुठं व्हॉलंटियरिंग करता येईल का, आणि त्याच दमात पुढचं, सर्टिफिकेट मिळतं का. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण मी आधी त्यांनाच उलटं विचारतो की असं कोणतं काम आहे जे एप्रिल-मेमध्येच होतं, जूनमध्ये करू म्हटलं तर उशीर झालेला असतो? ह्याचं उत्तर सापडलं की निम्मं काम झालं समजा, कारण मग तुम्हाला कोणी "बरं बघू, कळवतो" म्हणून परत पाठवत नाही, ज्याचं काम अडलंय तो माणूस तुम्हाला बसवून चहा पाजतो.

आणि उलटं उदाहरण बघायचं तर वृक्षारोपण. उत्साहात आलेला प्रत्येक ग्रुप पहिलं हेच म्हणतो. मे महिन्यात! गावाला प्यायचं पाणी टँकरने येतंय आणि हे रोप लावणार, सेल्फी काढणार, आठवड्यात रोपाची काडी. झाड लावायचं ते एकदोन चांगले पाऊस झाल्यावर, जून-जुलैत. मेमध्ये झाडांचं काम म्हणजे खड्डे घेऊन तापायला ठेवणं, सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत पिशव्या भरायला जाणं आणि बिया गोळा करणं, करंज, पळस वगैरे. फोटो काही खास येत नाही ह्यात, खरंय. सीडबॉलचं, म्हणजे मातीत बिया घालून केलेल्या गोळ्यांचं फॅडही मला फारसं पटत नाही, गोळे फेकताना सगळे असतात पण त्यातलं जगलं किती ते बघायला पुढच्या वर्षी कोणी जात नाही, त्यापेक्षा थोड्या पिशव्या भरून त्यांना रोज पाणी घातलेलं परवडलं.

तर कोणाला विचारायचं? गावात असाल तर ग्रामपंचायत, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, झेडपी शाळेचे गुरुजी, वाचनालयाचे ग्रंथपाल. शहरात असाल तर वॉर्ड ऑफिस, सरकारी दवाखान्याची ब्लड बँक, जवळची अंधशाळा किंवा दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था. जाऊन "आम्ही काय करू शकतो" असं विचारू नका, समोरच्याला सुचत नाही, तो म्हणतो स्वच्छता अभियान करा. असं विचारा की "माणूस नाही म्हणून तुमचं कोणतं काम अडलंय?" मग पाठोपाठ, रोज किती वेळ लागेल, कधीपर्यंत, आणि आम्हाला काम सांगणारा माणूस कोण. ह्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथं जाऊन नुसतं बसून राहाल, हे माझं मत.

आता कामं. सगळी सांगत नाही, मला जी खरंच उन्हाळ्याची वाटतात ती सांगतो.

ॲडमिशनचं टेबल

हे माझं सगळ्यात आवडतं, आणि ह्याला कोणी समाजसेवा म्हणतच नाही. दहावी-बारावीचे निकाल अलीकडे मे महिन्यातच लागतात आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरते होते ते २०२५ पासून अख्ख्या राज्याला लागू झाले. म्हणजे वाडीवस्तीवरच्या ज्या घरात आजवर कोणी ऑनलाइन फॉर्म भरला नाही त्या घरातल्या पोरीला आता फॉर्मचा भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, फेऱ्या हे सगळं करायचंय, आणि निकालानंतर सायबर कॅफेत गर्दी इतकी की कॅफेवाला स्वतःच घाईघाईत कॉलेजं टाकून मोकळा होतो. तुम्ही गेल्या एकदोन वर्षांत ह्यातून गेला असाल तर गावात तुमच्याइतकी माहिती कोणालाच नाही.

पण टेबल निकालानंतर मांडून उपयोग नाही, खरं काम एप्रिलमध्ये आहे, ते म्हणजे कागदपत्रं. एक वही घ्या, तुमच्या वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांची यादी करा आणि प्रत्येकापुढे रकाने पाडा: आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अधिवास, बँक खातं. घरोघरी जाऊन बघा कोणाकडे काय आहे काय नाही. जे नाही ते आत्ताच सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून काढायला टाका, कारण जूनमध्ये अख्खा तालुका त्याच रांगेत असतो. बारावी सायन्सवाल्यांची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, काढली का हे आवर्जून विचारा, इंजिनियरिंग-मेडिकलच्या राखीव जागेला ती लागते आणि ती चार दिवसांत हातात पडणारी गोष्ट नाही. आधारवरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतंय का तेही बघा, ह्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग हमखास गंडलेलं असतं.

मग निकाल लागला की वाचनालयात नाहीतर समाजमंदिरात संध्याकाळी पाच ते आठ टेबल मांडा. लॅपटॉप एक पुरतो, मोबाईलचं नेट चालतं. काही गोष्टी मात्र कडक पाळायच्या. फॉर्मवर मोबाईल नंबर त्या घरातलाच टाकायचा, तुमचा चुकूनही नाही, कारण पुढचे सगळे ओटीपी आणि मेसेज त्यावर येतात आणि तुम्ही ऑगस्टमध्ये हॉस्टेलला गेलेले असता. लॉगिन-पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्या हाताने लिहायला लावायचा. आधारचे फोटो तुमच्या फोनमध्ये घेतले असतील तर त्यांच्यासमोरच डिलीट करायचे. पसंतीक्रम तुम्ही ठरवायचा नाही, फक्त समजावून सांगायचं की पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर ते घ्यावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडायला होतं, म्हणून एसटीने जाता येईल का, होस्टेल आहे का, हे घरात बोलून मगच क्रम लावा. नियम वर्षागणिक थोडे हलतात तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून टेबलावर प्रिंट ठेवलेली बरी. सबमिट दाबायच्या आधी अख्खा फॉर्म आईबापासमोर मोठ्याने वाचायचा. आणि पैसे घ्यायचे नाहीत, चहापाण्याचे म्हणून सुद्धा नाहीत, एकदा घेतले की ते टेबल म्हणजे दुकान झालं.

टिकाव-फावडं

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची, तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव ह्या तीन तालुक्यांपासून सुरू झाली, पहिल्या वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यातलं वेळू पहिलं आलं, आणि २०१९ पर्यंत ती ७६ तालुक्यांत पोचली होती. स्पर्धा एप्रिल-मेमध्येच असायची, १ मे ला शहरातली माणसं जलमित्र म्हणून गावागावांत श्रमदानाला यायची. ती स्पर्धा थांबली म्हणून काम संपलं असं नाहीये. उलट माझं म्हणणं आहे की आता नवीन चर खोदण्यापेक्षा जुने बघायला जा. त्या वेळी खोदलेले कितीतरी समतल चर, म्हणजे पाणी मुरायला उतारावर आडवे, एका पातळीत खोदलेले लांब खड्डे, गाळाने आणि पाल्याने भरून आलेत, दगडी बांध सुटलेत, आणि पावसाच्या आधी ते मोकळे केले तर कमी घामात जास्त पाणी मुरतं. ह्याचं उद्घाटन करायला कोणी पुढारी येत नाही, म्हणून ते राहून जातं.

नवीनच करायचे असतील तर क्रम माथ्याकडून पायथ्याकडे. वरचं सोडून खाली बांध घातला तर वरून धावत येणारं पाणी तो घेऊन जातं. चर समपातळीत हवा हे सगळ्यात महत्त्वाचं, नजरेने सपाट वाटणारी रेघ सपाट नसते. त्यासाठी ए फ्रेम बनवा, दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड सोडायचा. ती दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण करायची, मग फ्रेमचे पाय अदलाबदल करून परत खूण, दोन्ही खुणांच्या बरोबर मधे खरी मधली खूण. मग उतारावर एक पाय रोवून दुसरा पाय दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत वरखाली सरकवायचा, तिथं चुना टाकायचा, असंच पुढे. शाळेत भूमितीत झोपलेल्या पोरांना हे डोंगरावर पाच मिनिटांत कळतं! खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, आणि अगदी कडेला न टाकता जरा जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात. चराला पातळी नसेल तर सगळं पाणी एका टोकाला जमून तिथून फुटतं आणि खाली घळ पडते, म्हणजे न खोदलेलं परवडलं अशी गत.

खोदायच्या आधी जागा कोणाची ते बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायत, वनखात्याची असेल तर वनरक्षकाला भेटून रीतसर परवानगी, खाजगी असेल तर मालकाचं लेखी. आणि कृषी सहायकाला एकदा जागेवर आणा, उतार किती आणि चर केवढा हे त्यांना कळतं. वेळ पहाटे सहा ते नऊ, बस. चौघांचा गट करा, एक टिकाव, एक फावडं, दोघं घमेल्याला, आणि दर वीस मिनिटांनी बदला. दगड उचलायच्या आधी टिकावाने उलटा करायचा, खाली विंचू असतो. विंचू चावला तर मंत्रतंत्र नाही, सरळ सरकारी दवाखाना.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो, विहिरीत उतरायचं नाही. गाळ काढायला म्हणून कोरड्या पडलेल्या जुन्या विहिरीत माणसं उतरतात आणि खाली साचलेल्या वायूने गुदमरतात, मग वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दर उन्हाळ्यात पेपरात असतं. ते काम जाणत्या माणसांचं आणि साधनांचं आहे, तुमचं नाही.

रक्त, लेखनिक

उन्हाळ्यात राज्यात रक्ताची टंचाई होते कारण बरीचशी शिबिरं कॉलेजांत होतात, ती बंद, आणि लोक गावाला गेलेले. अपघात आणि थॅलेसेमियाची मुलं, ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं, मात्र सुट्टीवर जात नाहीत. आता ह्यात गंमत अशी की रक्त साठवून ठेवायलाही मर्यादा आहे, लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणून कोणाच्या तरी वाढदिवसाला बॅनर लावून एकाच दिवशी तीनशे बाटल्या काढण्यापेक्षा मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा खरंच खडखडाट असतो, तेव्हा चाळीस जमवलेल्या जास्त कामाच्या. त्यासाठी तारीख तुम्ही ठरवायची नाही, ब्लड बँकेला फोन करून विचारायची. रक्त द्यायला वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि आधी दिलं असेल तर मुलांना तीन महिने, मुलींना चार महिने झालेले हवेत. १८ च्या खालच्यांनी काय करायचं? फोन. शिबिराच्या दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी यादीतल्या प्रत्येकाला फोन करून "काका येताय ना, जेवून या, पाणी पिऊन या" सांगणं हे शिबिरातलं सगळ्यात मोठं काम आहे, नाव दिलेल्यातले निम्मे फोनशिवाय येत नाहीत.

लेखनिकाचं काम ज्याचं अक्षर बरं आहे आणि जो वेळ पाळतो त्यानेच घ्यावं. एप्रिल-मेमध्ये विद्यापीठांच्या परीक्षा, जून-जुलैच्या आसपास दहावी-बारावीच्या पुरवणी परीक्षा, आणि दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना लेखनिक लागतो, नेमके तेव्हाच त्यांचे मित्र स्वतःच्या परीक्षेत किंवा गावाला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, किती खालच्या आणि कोणती कागदपत्रं ते त्या त्या परीक्षेचं विचारून घ्या. म्हणजे अकरावीतल्या पोरांना सुद्धा ह्यात जागा आहे, एफवाय-एसवायच्या पेपरला तुम्ही चालता. नॅबसारख्या, दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा जवळच्या कॉलेजच्या दिव्यांग कक्षात नाव द्या. आदल्या दिवशी परीक्षार्थीला भेटून घ्या, तो किती वेगाने सांगतो, मराठीत की इंग्रजीत, आकृत्या आहेत का. पेपरात प्रश्न दोनदा स्पष्ट वाचायचा, पर्याय सगळे वाचायचे, तो सांगेल ते तसंच लिहायचं, चुकतंय वाटलं तरी तोंड बंद. मदत म्हणून बरोबर उत्तर सुचवलंत तर तो त्याचा पेपर राहत नाही, आणि पकडलं गेलं तर भोगतो तो. जादा वेळ मिळतो, तासाला वीस मिनिटं, तेव्हा तीन तासांचा पेपर चार तासांचा धरून तुमची एसटी बघा. यायला जमणार नसेल तर दोन दिवस आधी सांगा. सकाळी आठला "ताप आलाय" मेसेज टाकणाऱ्याने हे काम घेऊच नये, कारण इथं तुम्ही नाही आलात तर समोरच्याचं वर्ष जातं.

गड

गडावरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ मेमध्येच काढता येतो, पाणी तळाला गेलेलं असतं. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आल्यापासून उत्साह जरा जास्तच उतू जातोय. किल्ला केंद्रीय पुरातत्त्वचा, राज्य पुरातत्त्वचा की वनखात्याचा ते आधी काढा, आणि परवानगीचं पत्र असलेल्या, ह्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या ग्रुपसोबतच जा. स्वतःच्या मनाने खोदायचं नाही, चिरे हलवायचे नाहीत, सिमेंट नाही, भिंतीला रंग नाही. गाळात खापरं, नाणं, गोळा काही निघालं तर जागच्या जागी ठेवून फोटो काढून कळवायचं. प्लॅस्टिक आणि बाटल्या मात्र खुशाल गोळा करा, त्याला पुरातत्त्वची ना नाही. अत्तर-डिओ मारून जाऊ नका, आग्या मोहोळं असतात.

पाखरांचं पाणी आणि डास

पाखरांसाठी गॅलरीत भांडं ठेवताय, छान, उथळ ठेवा, मातीचं, आणि पाणी रोज बदला. नाहीतर पाखरांच्या नावाने डासांचा कारखाना. ह्याच्याशीच जोडलेलं दुसरं काम आशाताईंकडे आहे. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस, त्या सुमाराला पावसाळ्याच्या आधी घरोघर कंटेनर सर्व्हे चालतो, म्हणजे बॅरल, हौद, फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर, कुंड्यांच्या बशा, ह्यात अळ्या आहेत का बघायचं. एका आशाताईला शेकडो घरं असतात. तुम्ही बॅटरी घेऊन सोबत फिरलात, नोंदी लिहिल्यात, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, पाळायला गल्लीला लावलंत तर त्या दुवा देतील. टंचाईच्या गावात लोक पाणी ओतून द्यायला तयार नसतात, आणि बरोबर आहे त्यांचं, तिथं भांडं फडक्याने घट्ट बांधायला सांगायचं आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे.

दुपारी काय

बारा ते चार बाहेर पडायचंच नाही. वाचनालयात पुस्तकांची मोजणी, फाटकी शिवणं, नोंदी हे काम पडून असतं. लहान पोरांना दुपारी गोष्टी वाचून दाखवणं, ह्याला तर पंखा आणि सतरंजी सोडून काहीच लागत नाही, स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, हवं तर तुम्ही स्वतः एखादी मराठीत करून टाकू शकता. घरातून करायचं तर मराठी विकिस्रोत आहे, जुन्या कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं शेजारी ठेवून मजकूर तपासायचा. एकेक पान, जमेल तसं. शुद्धलेखन आपोआप सुधारतं, हा वरचा फायदा.

घरापासून लांब जायचं असेल तर

सोमनाथची श्रमसंस्कार छावणी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात महारोगी सेवा समितीचा सोमनाथ प्रकल्प आहे, तिथं बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये ही छावणी सुरू केली, साधारण मेच्या मध्यावर आठवडाभर असते. पहाटे उठून श्रमदान, मग गटचर्चा, भाषणं, गाणी, आणि राज्यभरातली तुमच्या वयाची पोरं. चंद्रपूरचा मे आहे हे लक्षात ठेवून जा! नाव आधी नोंदवावं लागतं, ट्रेनची तिकिटं त्याहून आधी.

बाकी कॉलेजात एनएसएस घेतलं असेल तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतंच, तुम्ही सुट्टीत केलेलं काम त्यात धरता येईल का हे प्रोग्राम ऑफिसरना सुरू करायच्या आधी विचारा, नंतर नाही. केंद्र सरकारचं माय भारत पोर्टल १५ ते २९ वयासाठी आहे, त्यावर नोंदणी करून ठेवायला हरकत नाही.

सर्टिफिकेटबद्दल बोलतो. ते मागायला लाजू नका, पण पहिल्या दिवशी मागू नका. काम संपताना ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या लेटरहेडवर साधं पत्र घ्या: कोणतं काम, कोणत्या तारखांना, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली. "उत्कृष्ट योगदानाबद्दल" वाल्या चकचकीत कागदापेक्षा हे चार ओळींचं पत्र मुलाखतीत जास्त कामाला येतं कारण त्यावर पुढे बोलता येतं. आणि ऑनलाइन "एनजीओ इंटर्नशिप" म्हणून जे फॉर्म फिरतात त्यातले बरेच असे की आत गेल्यावर कळतं काम एकच, ओळखीपाळखीच्यांना लिंक पाठवून देणग्या गोळा करायच्या, इतके हजार झाले की सर्टिफिकेट. आमच्याकडच्या एका पोरीला आत्या-मामांकडून पैसे मागून झाल्यावर शेवटी बापाने टार्गेट पूर्ण करून दिलं. हे व्हॉलंटियरिंग नाही, सेल्सचं काम आहे, तेही बिनपगारी. फी मागणारा, टार्गेट देणारा आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारल्यावर ग्रुपमधून काढणारा, ह्या तिघांना लांबूनच नमस्कार.

उन्हाचं मात्र हलक्यात घेऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात १४ माणसं उष्माघाताने गेली, नुसती बसलेली माणसं होती ती, खोदत नव्हती. डोक्याला टॉवेल, सुती पूर्ण बाह्या, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा बरं का, हे कॅनमध्ये करून न्या. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत, पण पाण्याऐवजी नाही. कोणी बरळायला लागला, घाम थांबून अंग तापलं, चक्कर आली तर सावलीत आडवं करा, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा आणि लगेच १०८. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ग्रुपचं म्हणाल तर आठ-दहा जण पुरेत, पन्नासचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गुड मॉर्निंगचे फोटो. १८ च्या खालच्यांच्या घरी तुमच्यातल्या मोठ्याने स्वतः जाऊन सांगायचं, कुठं जाणार, किती वाजता येणार, सोबत कोण. मुली असतील तर घरोघरी जाताना दोघी-तिघींनी मिळून जायचं आणि कोणाच्या घरात एकटीने आत बसायचं नाही, हे पोरांनाही लागू. लहान मुलांचे, पेशंटचे, मदत घेणाऱ्यांचे फोटो टाकायचे नाहीत, स्वतःचे टाका की, कोण अडवतंय. हजेरीची एक वही ठेवा, तारीख, कोण आलं, काय झालं, काय राहिलं.

ती वही जूनमध्ये खरी कामाला येते. कॉलेज सुरू झालं की निम्मे पुण्याला, निम्मे होस्टेलला, आणि ॲडमिशनच्या फेऱ्या जुलैतही चालू असतात, नर्सरीतल्या पिशव्यांना पाऊस लांबला तर पाणी लागतं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यातच गावात राहणारा एक जण ठरवा, नववी-दहावीतला असला तरी चालेल, त्याला वही, ब्लड बँकेचा आणि आशाताईंचा नंबर, वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते ते, असं सगळं समोर बसून समजावून द्या. मागून आणलेली टिकावं-फावडी ज्याची त्याला परत गेली का बघा, पावसाच्या तोंडावर शेतकऱ्याला ती लागतात.